करपलेला घाटा
गल्लीत कुणाकडे बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या पिठाचा, घाटा शिजू लागला, की मी वास घेत दारात उभी राहते. कोरोनातून उठले त्या उन्हाळ्यात मला वास येत नव्हता आणि भीतीने आमच्या घरी कुणी फिरकतही नव्हतं. बिबडे खरं तर सगळ्या जणींनी मिळून करायचे. पण बोलावलं आणि नाही आल्या तर? म्हणून तोऱ्यात एकटीनेच ज्वारीचा घाटा चढवला. तेवढ्यात समोरची वहिनी धावत थेट चुलीपाशी आली. "वं बाई, घाटा करपी ऱ्हायना! नाक दवाखानामा इसरी उनी का?" तिने पातेलं उतरवलं, वरचा चांगला घाटा काढून त्यावर तेल घातलं आणि माझ्याच ताटलीत जेवायला बसली. मला चव कळत नव्हती, तरी दोनदा वाढून घेतलं. त्या विसरलेल्या नाकावरून घरचे अजून चिडवतात. चिडवू देत.