टेलिफोन बोर्डावरून खरेदी विभागात

ऐंशीच्या दशकात बोईसरला रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. शिरगावातल्या आमच्या मासेमारी करणाऱ्या घरांतून अशा नोकरीला लागलेली मी पहिलीच. आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसं मला नुसत्या आवाजावरून माहीत होती. त्यांतलेच एक शेजारच्या औषध कारखान्यातले स्टोअरकीपर. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. फोन जोडून देईपर्यंत आमचं चार शब्द बोलणं व्हायचं, तेवढंच.

एका दुपारी त्यांचा आवाज ओळखूच येईना. बायकोला पालघरच्या दवाखान्यात दाखल केलं होतं, ऑपरेशन ठरलं होतं. सुरतेच्या मेहुण्याला कळवायचं, तर त्यांच्याकडून बाहेरगावी फोन लागत नव्हता. साहेबांना विचारून मी आमच्याकडून ट्रंक कॉल बुक केला आणि सुटी झाली तरी तो लागेपर्यंत जागची हलले नाही. घरी जाताना दवाखान्यात डोकावले. काकांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी बोलले, तेव्हा कुठे त्यांना ओळख पटली. मग काकू घरी जाईपर्यंत मी रोज सकाळी कामावर जाताना त्यांच्यासाठी पेज नेली.

पुढच्या वर्षी आमच्या बॉयलरचा पंप बंद पडला. परदेशी जाणारा माल अर्धवट, खरेदी अधिकारी रजेवर, आणि मुंबईहून पंप लगेच मिळेना. मॅनेजरसाहेब माझ्या बोर्डाशीच उभे होते. मी विचारलं, "साहेब, शेजारी बोलून बघू का?"

काकांनी त्यांच्या मॅनेजरांची परवानगी काढली आणि संध्याकाळच्या आत त्यांच्याकडचा जादाचा पंप टेम्पोतून पाठवला. सोबत बसवून द्यायला फिटरही.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून ही ओळख कशी झाली ते विचारलं. मी दवाखान्याचं सांगितलं. ते म्हणाले, "खरेदीत मला असं माणूस हवंय. याल तुम्ही?"

सुरुवातीला माल पुरवणारे माझा आवाज ऐकून "साहेबांना द्या" म्हणायचे. मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये जायला लागले. माल खराब निघाला तर समोर बसून दाखवायची, चांगला निघाला तर तेही मुद्दाम फोन करून कळवायची. हळूहळू ते मलाच विचारू लागले. नव्वदच्या दशकात तो अख्खा विभाग माझ्याकडे आला.

आई पालघरच्या बाजारात मासे विकायची. विभाग माझ्याकडे कसा आला ते तिला सांगितलं, तर म्हणाली, "यात नवीन काय हाय? आमी गिऱ्हाईक असंच जोडतो."

पण दुसऱ्या दिवशी मी बाजारातून चालले होते, तर मासळीवाल्या बायकांनी सरकून मला बसायला जागा केली. आईने सकाळीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.