आईच्या पाळण्याचे अवतार

माझा गळा म्हणजे फुटका डबा. म्हणून थोरलीच्या बारशाला आईनं साताऱ्याहून स्वतःच्या आवाजात पाळणा भरून कॅसेट पाठवली. गावाकडचा पाळणा, तिच्या आजीपासून चालत आलेला. बाहरीनच्या नईम भागातल्या आमच्या दोन खोल्यांत जमलेल्या बायकांनी तो ऐकला आणि कॅसेट घरी नेऊन पाठ करायला रांगच लागली. तिथं कुणाच्या घरात पाळणा म्हणणारी म्हातारी होती?

मग त्या पाळण्याचे अवतार सुरू झाले. पुण्याच्या एका बँकवाल्याच्या बायकोनं त्यात एवढ्या ताना घेतल्या की झोपलेलं पोर दचकून उठलं. मालवणच्या एकीनं त्यात होडी घुसडली. नागपूरची तर ढोलकीच घेऊन बसायची. कळस केला तो आमच्या फिलिपिनो शेजाऱ्यानं. तो समुद्रकाठच्या झल्लाक गावातल्या हॉटेलात मोठी टोपी घालून गिटारवर अमेरिकन कंट्री गाणी म्हणायचा. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्यानं अख्खा पाळणा पाठ केला. अर्थाच्या नावानं मफी, म्हणजे तिथल्या अरबीत शून्य, पण घोड्याच्या टापांच्या ठेक्यात म्हणायचा असा, की थोरली त्याच्याच चालीवर झोपायची. आईला कळलं तर लाटणं घेऊन विमानात बसेल, असं मी नवऱ्याला म्हणायची.

एका उन्हाळ्यात नवऱ्यानं ती कॅसेट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली. उन्हानं पापडासारखी वाकडी झाली. "खलास," तो म्हणाला. मी त्याच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. दुसरी भरून मागवू, मागवू म्हणता म्हणता आईच गेली.

धाकट्याच्या बारशाला मला आईचाच पाळणा हवा होता, ती म्हणायची तस्साच. आणि मला दोन कडवीसुद्धा सलग आठवेनात. स्वतःचा इतका राग आला! बायका जमल्या आणि पाळण्याभोवतीच जुंपली. एक म्हणे होडी मुळातलीच, दुसरी म्हणे ताई, चालच ढोलकीची होती. मला वाटलं, झालं, यात माझ्या आईचं आता काहीच उरलं नाही.

वाद मिटेना, तेव्हा बारशाला आलेल्या त्या फिलिपिनो शेजाऱ्यानं गिटार छेडली. त्याच्यामागून बायकांनी आपापल्या तऱ्हेनं धरलं. तिसरं कडवं संपलं आणि सगळ्या एकदम थांबल्या. तोही थांबला. मग सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "गॅस बारीक कर गं, दूध उतू चाललंय," आणि चौथं कडवं उचललं.

पाळणा भरताना आईनं मध्येच स्वयंपाकघरातल्या वहिनीला सांगितलं होतं ते. कॅसेटमध्ये तसंच राहिलेलं. मी साफ विसरले होते. या बायकांना वाटलं, साताऱ्याकडची रीतच असेल. घराघरातल्या बारशात प्रत्येकीनं ते भक्तिभावानं म्हटलं होतं. शेजाऱ्यानं तर डोळे मिटून म्हटलं, अगदी आईच्या हेलात.

मला हसू आवरेना, रडूही आवरेना. आत खिरीचं दूध खरंच चढलं होतं. आईनं सांगितलं म्हटल्यावर मी मुकाट्यानं उठले आणि गॅस बारीक केला.