राहुकाळातले डोळे

कॉम्प्युटर क्लासच्या उद्घाटनाला आठही पडद्यांवर माझी जपानी मुलगी झळकली. केस निळे, फ्रॉक लाल, गळ्यात ठसठशीत हार. डोळे मात्र नव्हते. ते मी राखून ठेवले होते, आणि तोच घोटाळा झाला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुंभकोणमला भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर हा क्लास निघाला. मालकाला प्रत्येक पडद्यावर जपानी कार्टूनसारखा वॉलपेपर हवा होता, म्हणजे पोरं आपण होऊन येतील. आठवीतल्या माझ्या लेकीनं मला न विचारता सांगून टाकलं, "आमचे अप्पा काढतील." वर्गातल्या सगळ्या मैत्रिणींनाही तिनं ते ऐकवून ठेवलं होतं. आता माझं चित्र फसलं असतं तर नाक तिचं जाणार होतं.

मी शाळेतला ड्रॉइंग मास्तर. रविवारी तंजावर पद्धतीची चित्रं करायची, बहुतेक लोणी खाणारा बाळकृष्ण; फळीवर कापड चिकटवायचं, खडूच्या लगद्यानं दागिने उठवायचे, वर सोन्याचा वर्ख. जपानी चित्र म्हणाल तर सिंगापूरहून आलेल्या एका कॅलेंडरवर पाहिलं होतं, तेवढंच. माऊसनं रेघ ओढणं म्हणजे भिजक्या वांग्यानं रांगोळी घालणं. तरी क्लासातल्याच कॉम्प्युटरवर आठवडाभरात एक मुलगी उभी केली.

"अप्पा, ही लोणी खाऊन बसल्यासारखी दिसते."

"गाल नकोत?"

"गाल नकोत, दंडातल्या वळ्या नकोत, कशाला एवढे दागिने?"

सगळं पुसलं. हार तेवढा तिनं राहू दिला, बहुधा माझं तोंड बघून.

डोळ्यांचा नियम मात्र माझ्या गुरूंनी घालून दिलेला होता. डोळे सगळ्यांत शेवटी, अंघोळ करून, चांगल्या वेळेला; कारण तेव्हापासून चित्र आपल्याकडे बघायला लागतं. शुक्रवारी शाळेला सुट्टी होती, सकाळी उद्घाटन होतं. साडेदहाला राहुकाळ लागणार, बारापर्यंत अशुभ वेळ; त्याआधी डोळे उघडू म्हटलं. मी नऊला पोचलो आणि वीज गेली. मालकानं समई लावून नारळ फोडला, सगळ्यांना खडीसाखर वाटली. वीज आली तेव्हा दहा चाळीस झाले होते. आदल्या संध्याकाळी त्यानं माझं अर्धवट चित्र आठही कॉम्प्युटरवर चढवून ठेवलेलं!

"मला वाटलं, जपानमध्ये असंच असेल," तो तमिळमध्ये म्हणाला.

मैत्रिणी खिदळायला लागल्या. एक म्हणाली, "अगं, तुझ्या अप्पांची मुलगी चष्मा घरी विसरली काय?"

लेक माझ्याजवळ आली. आवाज एवढासा. "अप्पा, काढा ना आता."

"राहुकाळ आहे गं. बारा वाजू दे."

"बारापर्यंत ह्या थांबतील? सोमवारी मी शाळेत जाणार नाही."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी माऊस धरला. हात पुढे जाईना. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय! शेवटी खुर्चीवरून उठलो आणि तिला बसवलं. "माझ्या हातून होत नाही. तू उघड."

"मी? चुकलं तर?"

"पुसता येतं. फळीवर नाही येत."

तिनं दोन गोल काढले. मी बदामी, कानाकडे जाणारे काढले असते. हिचे निम्मा चेहरा खाऊन बसले. म्हटलं, झालं, आता हसू होणार. मग तिनं प्रत्येकात एकेक पांढरा ठिपका ठेवला आणि ती मुलगी आमच्याकडे बघायला लागली. चष्म्यावरून टोमणा मारणारी पोरगी सगळ्यांत आधी ओरडली, "माझ्या कॉम्प्युटरवर पण!"

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिखटमीठ थोडं लावलंच. ती शेंगा मोडता मोडता ऐकत होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता फळीवरच्या आपल्या कृष्णाचे डोळेही तिलाच काढू द्या. गोकुळाष्टमीपासून बिचारा आंधळाच उभा आहे, तुमच्या मुहूर्ताची वाट बघत."