रायरांच्या ऑफिसातली नादार मंडळी

बारा वर्षं एकाच ऑफिसात टाइपरायटर बडवला की गोष्टी इतक्या साठतात, की एक सांगायला घ्यावी तर दुसरी मध्येच तोंड घालते. त्यातून आमचं ऑफिस नादारीची कामं करणाऱ्या वकिलांचं! लोकांना वाटतं, तिथं दिवसभर रडारड चालत असेल. छे हो! रडायचे काही जण, नाही कशाला म्हणू, मीही रडलेय. पण हसलो त्याच्या दुप्पट.

वकील म्हणजे आमचे रायर. मैलापूरला देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत घर, पुढच्या दोन खोल्यांत ऑफिस. आडनाव राव, तंजावरकडचे मराठी, पण सगळे त्यांना रायर म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली माणसं ती. त्यांचं मराठी ऐकलं की कुणी जुनी बखर वाचतंय असं मला वाटायचं.

मी तिथं नोकरीला लागले, पण त्याआधी अशील म्हणून गेले होते. आमचे हे सरकारी नोकरीत, साताऱ्याहून बदली होऊन मद्रासला आलेले. मित्राच्या छापखान्याच्या कर्जाला जामीन राहिले आणि मित्र एक दिवस मशीन विकून पसार! कर्ज आमच्या गळ्यात. ते फेडायला आणखी कर्जं. शेवटी एक सावकार कोर्टात गेला आणि यांना नादार जाहीर करून आला. वरून यांच्या ऑफिसची नोटीस: सहा महिन्यांत हे निस्तरा, नाहीतर नोकरी गेली समजा. पदरात दोन मुली. आम्ही दोघांनी रायरांचं दार गाठलं.

रायरांनी पहिला प्रश्न केला, "बैसा. जेवलांत की?"

आम्ही म्हटलं, नाही. झालं! आतून इडल्या आल्या, कॉफी आली. "रिकाम्या पोटीं कर्ज सांगूं नये," रायर म्हणाले, "आंकडे चुकतात!"

मग यादी. यांनी सात नावं लिहून दिली. रायरांनी कागद परत केला, "दूधवाला कोठें आहे?" तो घातला. पुन्हा कागद परत! माझ्या केसांतल्या वेणीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि अम्मा, फुलें कोण देतें?"

फुलं द्यायची कन्नियम्मा. अण्णा नगरात आमच्या गल्लीत रोज टोपली घेऊन यायची. तिला लिहिता येत नसे, म्हणून तिचा हिशेब मीच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायची. तेवीस रुपये तुंबले होते.

हे कावरेबावरे झाले. "अहो, फुलवालीचं नाव हायकोर्टात?"

"घालावेंच. एक नांव लपविलें की बाकीच्यांवर कोर्टाचा विश्वास बसत नाहीं. आणि फेडतांना लहानाचें आधीं फेडावें. त्याला थांबणें परवडत नाहीं."

तिसऱ्यांदा यादी नेली ती मी टाइप करून. रायरांनी कागद उजेडात धरला. "एकही चूक नाहीं! उद्यांपासून कामाला यावें." म्हणजे गेले होते नादारीसाठी आणि आले नोकरी घेऊन! त्या महिन्यात घरात तांदूळ आला तो त्या पगाराचा. ते मी कशी विसरेन?

* * *

आमची केस उभी राहायला चार महिने लागले. आमची फाइल रॅकवर खालून दुसरी. येता-जाता दिसायची. पण बाकीच्या फायलींतली माणसं मला तिच्याकडे फार वेळ बघूच द्यायची नाहीत.

एक लग्नाचे आचारी होते, सामिनाथन. नादाराची धंद्याची हत्यारं कोर्ट ठरावीक किमतीपर्यंत त्याच्याकडेच राहू देतं. रायर त्यांना म्हणाले, "हत्यारांची यादी आणा." सामिनाथननी हत्यारंच आणली! हातगाडीभर पातेली, कढया, परातींची चळत, माणसाच्या उंचीचे दोन झारे. खुर्च्या बाहेर गेल्या, भांडी आत आली.

तेवढ्यात त्यांच्या सावकाराचे वकील तपासणीला हजर. बसायला जागा नाही, म्हणून उपड्या पातेल्यावर बसले. एकेक भांडं बघून "हे जास्तीचं, हे जास्तीचं" असं लिहीत सुटले. सामिनाथननी मागच्या अंगणात चूल पेटवली आणि सांबारभात केला. तो खाऊन वकीलसाहेबांनी यादीतला मोठा झारा स्वतःच्या हातानं खोडला. म्हणाले, "हा जप्त केला तर पोंगलनंतर तईच्या महिन्यात माझ्या मुलीच्या लग्नात वाढणार कशानं?"

* * *

दुसरे एक निवृत्त मास्तर. नादार माणसानं पन्नास किंवा जास्त रुपयांची उधारी घेताना समोरच्याला आपली नादारी सांगितली पाहिजे, असा कायदा आहे. रायरांनी तो मास्तरांना एकदाच समजावला आणि पस्तावले! मास्तर सगळ्यांनाच सांगू लागले. न्हाव्याला, किराणेवाल्याला, बसच्या कंडक्टरलासुद्धा. "मी नादार आहे, अजून सुटका व्हायची आहे." कंडक्टर म्हणाला, "असाल हो, पण तिकीट घ्या!"

त्यांच्या मुलीला पाहायला मंडळी आली. मुलगी पसंत, बोलणी रंगात आली, आणि मास्तर हात जोडून उभे! "एक सांगायचं राहिलं. मी नादार आहे." मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मुलाच्या वडिलांनी मास्तरांना हाताला धरून खाली बसवलं. मग म्हणाले, "तीन मुलांची लग्नं केली. आपणहून खरं सांगणारा व्याही हा पहिलाच भेटला!"

लग्न झालं. स्वयंपाक सामिनाथनचा होता. मोठा झारा मी लांबूनच ओळखला.

* * *

एन्नोरचा एक कोळी होता, आरुमुगम. होडीच्या इंजिनाच्या कर्जात बुडाला होता. मनीऑर्डरवर त्याचा विश्वास नव्हता. दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतः हप्ता घेऊन यायचा आणि पावती माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा.

एका महिन्यात वादळ झालं, आठ दिवस समुद्रात जाता आलं नाही. तरी हा पाच तारखेला दारात! म्हणाला, "पैसे नाहीत. पण तारीख मी चुकवलेली नाही. तसं लिहा!"

रायर म्हणाले, "अम्मा, पावती करा. रक्कम शून्य, इसम हजर." मी केली. त्यानं ती वाचून घेतली, कनवटीला लावली आणि समाधानानं गेला. त्या पावतीची कार्बन कॉपी अजून माझ्याकडे आहे.

* * *

रायर फी मागायचे नाहीत. "नादाराकडून फी आधीं घेतली तर त्याचा नवा सावकार मीच कीं!" आतून त्यांच्या बायकोचा आवाज यायचा, "मग आपला नादारीचा अर्ज कधीं करतां? टायपिस्ट घरांतच आहे!"

* * *

शेवटी आमची फाइल निघाली.

हायकोर्टाच्या इमारतीत अधिकाऱ्यासमोर घेणेकऱ्यांची सभा. योजना अशी, की तीन वर्षांत हप्त्यांनी सगळ्यांचं पूर्ण फेडायचं. ती मान्य झाली तर नादारी रद्द होणार, नोकरी वाचणार. मान्य व्हायला दोन अटी. एक, तीन चतुर्थांश रकमेचा होकार. बँकेचं कर्ज सगळ्यांत मोठं आणि ती आमच्या बाजूची, त्यामुळे तो होता. दुसरी, निम्म्याहून जास्त डोकी. घेणेकरी नऊ. त्यांतला एक तो सावकार आणि तिघं त्याचेच भाऊबंद. हे चौघं विरुद्ध. बँक, पतसोसायटी, यांचा एक सहकारी आणि दूधवाला, हे चौघं बाजूनं.

नववी कन्नियम्मा.

आली बिचारी, टोपली कमरेवर घेऊन, दोन बस बदलून. अधिकाऱ्यानं तमिळमध्ये विचारलं, "या माणसाकडून तुझं येणं किती?"

कन्नियम्मानं माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे रडून सुजलेले. तिनं टोपली खाली ठेवली आणि ठणकावून सांगितलं, "काही नाही! यांच्याकडून मला एक पैसा येणं नाही!"

सावकाराचा वकील उडालाच. "लिहून घ्या साहेब! येणं नाही म्हणजे मतही नाही!"

रायर धडपडत उठले. चाळीस वर्षं त्यांनी कोर्टात ओरडून सांगितलं होतं, की माझा अशील इतकं देणं लागत नाही. आज हात जोडून विनवत होते, "अम्मा, लागतो गं! माझा अशील तुझं देणं लागतो!"

"मी या घरातल्या माणसाला जेलात घालायला नाही आले! देवाच्या फुलांचे पैसे कोर्टात मागू?"

मला राहवेना. म्हटलं, "कन्नियम्मा, अगं, खरं सांग. तू येणं आहे म्हणालीस तरच तुला 'हप्ते चालतील' म्हणता येईल. नाहीतर यांची नोकरी जाईल."

ती अधिकाऱ्याकडे वळली. "ही म्हणते ते खरं?"

अधिकारी म्हणाला, "तू फक्त खरं येणं सांग. तेवीस रुपये आहे का?"

"नाही!"

सावकाराचा वकील पुन्हा उठू लागला.

"सव्वीस!" कन्नियम्मा म्हणाली. "पोंगलला दोन गजरे दिले होते. हिनं नवीन कॅलेंडर लावलं आणि ते लिहायचे विसरली. सव्वीस लिहा. आणि हप्ते चालतील मला!"

तिनं अंगठा उठवला. रायर खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले.

पुढं कोर्टानं मंजुरी दिली, नादारी रद्द झाली, नोकरी राहिली. पहिल्या पगारातून आधी लहानांचं फेडायचं, असा रायरांचा नियम. सव्वीस रुपये घेऊन मी दारात उभी राहिले. कन्नियम्मानं पैसे घेतले, दोनदा मोजले, कनवटीला लावले. मग टोपलीतून हातभर मोगरा तोडून माझ्या केसांत माळला.

मी पाकीट उघडलं. "किती झाले?"

"कॅलेंडरवर लिही," ती म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.