एडक्याचे सुटे भाग

सोलापूरच्या कोर्टात मला बॅरिस्टर म्हणतात. विलायत मी नकाशात पाहिली आहे, पण चाळीस वर्षं मान जरा तिरकी ठेवून बोललं की लोक आपोआप म्हणायला लागतात, आणि मीही कधी कुणाला थांबवलं नाही. शुक्रवार पेठेतल्या माझ्या ऑफिसात संध्याकाळी ज्युनियर मंडळी जमतात. त्यांना मी सांगतो, बाबांनो, न्याय म्हणजे मसुदा, एक शब्द इकडचा तिकडं झाला की माणूस आयुष्यातून उठतो. हेच वाक्य मी संविधान दिनाच्या भाषणातही टाकतो. टाळ्या पडतात.

दगडाबाईला मात्र मी भाषणात कधी घेतलं नाही. का, ते कळेलच.

अक्कलकोट रस्त्याच्या आत एका वस्तीवर ही बाई राहते. वय साठीचं, नवरा गेलेला, तीसेक मेंढरं आणि त्यांच्या पुढं चालणारा एक काळा एडका, बाळ्या. त्याची आई त्याला जन्म देऊन मेली, तेव्हा हिनं त्याला शेळीच्या दुधावर जगवला. माणसांशी ही मराठीत बोलते, बाळ्याशी कानडीत. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली की माझं माहेर तिकडलं हाय, घरच्यासंगं घरचं बोलावं की.

एका दिवाळीत बाळ्या चोरीला गेला. आठवड्यात दोघं चोर सापडले आणि मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवलेला बाळ्याही सापडला. झालं. त्या क्षणापासून बाळ्या एडका राहिला नाही, मुद्देमाल झाला. चोर जामिनावर घरी गेले आणि ज्याची चोरी झाली तो ठाण्यातल्या खांबाला बांधलेला राहिला. आपल्याकडं याला रीतसर म्हणतात.

दगडाबाई माझ्याकडं आली. खटला संपेपर्यंत वस्तू नीट सांभाळीन, मागाल तेव्हा हजर करीन, असं कोर्टाला लिहून दिलं की वस्तू मालकाला परत मिळते. त्या कागदाला सुपुर्दनामा म्हणतात. मला घाई होती. सकाळीच एका मोटारसायकलीचा सुपुर्दनामा केला होता, तोच कॉम्प्युटरवर उघडला, मोटारसायकल खोडून एडका घातला, बाकी सगळं तसंच. मूळ स्वरूपात बदल करणार नाही, रंग बदलणार नाही, सुटे भाग काढणार नाही. मी कोर्टात वाचून दाखवलं. साहेबांनी मान हलवली, सरकारी वकिलांनी हलवली, दगडाबाईनं अंगठा दिला. आम्हा चौघांत ऐकत होती ती एकटीच.

पुढच्या गुढीपाडव्याच्या सुमारास ती तारखेला आली, सोबत बाळ्या. पाहतो तर गादीवाल्याच्या दुकानातला कापूस काळा होऊन चालत आलेला. मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात, तिची बाकीची कातरून झाली होती. ह्याला कातरू का, असं ती विचारत होती. मी हसलो. म्हटलं मावशी, कातरा की, त्यात विचारायचं काय?

"तोंडी न्हवं," ती म्हणाली. "काय काढणार न्हाय असं तुमीच लिवलंय. मी अंगठा दिलाय. कोर्टानं म्हणलं तर कातरते."

दोन ओळींच्या अर्जाचं काम होतं. पण त्या दोन ओळी भर कोर्टात वाचल्या गेल्या असत्या: नजरचुकीनं एडक्याला सुटे भाग लावले गेले. कुणी लावले? बॅरिस्टरांनी. आणि नेमका त्याच महिन्यात मी वकील संघाच्या अध्यक्षपदाला उभा होतो. पत्रकावर माझा हात जोडलेला फोटो, खाली 'न्याय शेवटच्या माणसापर्यंत'. मी म्हटलं, पुढच्या तारखेला बघू. हे वाक्य बोलायला वकिलीची सनदसुद्धा लागत नाही.

मी निवडून आलो. मग तर अर्ज देणं आणखीच अवघड झालं, कारण आता हसले असते तर अध्यक्षांना हसले असते. साहेबांची बदली झाली, नवे आले, आरोपींचे वकील आजारी पडले, बरे झाले. दर तारखेला दगडाबाई बाळ्याला घेऊन यायची, लिंबाखाली बसायची, नळावरचं पाणी ओंजळीनं त्याच्या डोक्यावर घालायची. वकील मंडळी त्याच्यासोबत सेल्फी काढायची. मीही एक काढला आहे. वर्ष असंच गेलं.

दुसऱ्या मे महिन्यात सोलापूर चव्वेचाळीसवर गेलं. कोर्टाला सुट्टी लागली होती, आणि मी समाजसेवेनं थकल्यामुळं महाबळेश्वरला होतो. माझी ज्युनियर ऋतुजा, तिचा फोन आला की दगडाबाई दोनदा येऊन गेली, एडका धापा टाकतोय म्हणते. सुट्टीतल्या कोर्टापुढं अर्ज ठेवता येईल, मी लिहू का, असं तिनं विचारलं. पोरगी हुशार आहे, म्हणूनच मी नको म्हणालो. सुट्टी संपू दे म्हटलं.

जूनमध्ये दगडाबाई आली ती एकटीच, हातात नुसतं दावं. मला काय ते समजलं. तरी मी बसा म्हटलं, पाणी मागवलं. दुपारी बांधाकडंला बसला, परत उठला न्हाय, एवढंच तिनं सांगितलं. मग मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी विचारलं, लोकर?

"तसाच पुरला," ती म्हणाली. "एक केस काढला न्हाय. खुनंला दगड ठिवलाय. कोर्टानं इचारलं तर उकरून दावते." मग जरा थांबून माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमच्या कागदाला काय धक्का न्हाय न्हवं?"

मला लाज वाटली, असं लिहिणं म्हणजे फारच सभ्यपणा झाला. चाळीस वर्षं ज्या कागदांच्या जोरावर मी मान तिरकी ठेवली, त्यातला एक कागद शब्दाला शब्द कुणीतरी पाळला होता.

अर्ज मी तिथंच हातानं लिहिला. सात मिनिटं लागली. सुपुर्दनाम्यातला मजकूर मोटारसायकलीचा आहे, चूक माझी आहे, त्या चुकीपायी जनावर दगावलं आहे. दुसऱ्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. वकील संघाचे निम्मे सभासद मागं उभे. मी मोठ्यानं वाचायला लागलो. सुटे भाग या शब्दांशी आलो आणि थांबलो, आता सगळे हसतील म्हणून. मागं दारापाशी दगडाबाई दावं धरून उभी होती.

सव्वा वर्ष ज्या हसण्याला मी भीत होतो, ते आलंच नाही. एकही माणूस हसला नाही.