गुणाबाईचा जांभळीचा आडोसा

आरमोरीच्या गुणाबाईचं घर उलटं झालं ते सन बावन-त्रेपनच्या सुमारास. म्हणजे घर जागच्या जागीच होतं. पण मागून नवी सडक गेली, सडकेवर मोटारी थांबू लागल्या आणि घराची पाठ होती ती एकाएकी तोंड होऊन बसली. मागं लहानशी सांदवाडी होती. तिथंच न्हाणी, तिथंच भांडी घासायचा दगड, तिथंच वाळवणं. आजवर तिथं डोकावलं तर शेजारच्या कोंबड्यांनी. आता मोटार थांबली की प्रत्येक खिडकीतून माणसं बघत.

नवऱ्यानं, मुखरूनं, बांबूची ताटी उभी केली. पण सामान बांधायला लोक मोटारीच्या टपावर चढत, आणि टपावरून ताटीपलीकडचं सगळं उघडं पडे. त्यानं ताटी आणखी उंच केली, ती वाऱ्यानं आडवी केली. पुन्हा बांधली, तर तिचं बूड वाळवीनं खाल्लं.

सगळ्यात जास्त कोंडी झाली ती सुनेची. अन्नपूर्णा सावली गावाकडची, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आली तेव्हा तिचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. आता ती तांबडं फुटायच्या आत अंघोळ उरकायची आणि दिवसभर मागचं दार लावून आत बसायची. एकदा टपावरच्या कुणीतरी शीळ घातली, त्या दिवसापासून ती जेवतानाही गप्प राहू लागली.

"झाडं लावू," गुणाबाई म्हणाली. "मोटारीच्या टपाहून उंच."

"लाव ना," मुखरू म्हणाला. "जंगलात राह्यतो, झाडायले काय तोटा?"

झाडांना तोटा नव्हताच. तोटा होता तो पानांना. दारचा कडुनिंब फाल्गुनात पिवळा पडून झडला, तेव्हा गुणाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. जन्म झाडांत गेला होता तिचा. मोह वेचला, पळसाच्या पत्रावळी लावल्या, सागाच्या पानांनी छप्पर शाकारलं. पण कोणतं झाड कधी उघडं पडतं हे तिनं नेमकं कधी पाहिलंच नव्हतं. उन्हाळ्यात उघडा पडणारा आडोसा काय कामाचा? ऐन लग्नसराईत मोटारी माणसांनी भरून येणार आणि झाडं खराट्यासारखी उभी!

मग तिला छंदच लागला. बाजारात भेटेल त्याला ती विचारायची, "तुमच्या गावी चैतात हिरवं काय राह्यते?" कुणी चिंच सांगे, कुणी पिंपळ. एक म्हणे पिंपळ कधीच झडत नाही, दुसरा म्हणे दरवर्षी झडतो, आणि दोघं तिथंच वाद घालत बसत. गुणाबाईला त्याचीच मोठी गंमत वाटली. रोज डोळ्यांपुढं असलेली गोष्ट, आणि सांगायला गेलं तर कुणालाच धड ठाऊक नाही. आपल्यालाही नाही.

जंगलातल्या पाड्यावरून मंगली नावाची गोंडीण बाजाराला यायची, मोहफुलं नि चारोळी घेऊन. ती हे सगळं ऐकून हसली. "विचारून काय होते बाई? झाडं कुठी पळून चालले? चैतात माह्यासंगं ये अन् पाहून घे."

घरातलं बाईमाणूस झाडं बघायला म्हणून रानात जातं, हे मुखरूला काही केल्या पटेना. "लोकं काय म्हणतीन वं?"

"लोकं सांदवाडीत पाह्यतेत, तवा काऊन नाई विचारत?" गुणाबाई म्हणाली, आणि भाकरी बांधून निघाली.

जंगल पार निष्पर्ण झालं होतं. पावलागणिक सागाची पानं कडाकडा मोडत होती आणि पावसाळ्यात जिथं दहा पावलांवरचं दिसत नाही तिथून आज पलीकडची टेकडी दिसत होती. मंगली पानाला 'आकी' म्हणे. "आकी गेली का जंगल उघडं," ती म्हणाली, "आमी त्याच वक्ती दूरचं जनावर पाहून घेतो."

नाल्याजवळ मात्र हिरवं दिसलं. पुढं करंज होता, नव्या पानांनी तेलात बुडवून काढल्यासारखा चमकत. गुणाबाईचा जीव त्याच्यावर गेला. पण खाली वाकून तिनं पाला चाळला तर करंजाचीच वाळकी पानं, वितीएवढा थर.

"हा तर आत्ताच उघडा होऊन पुन्हा नेसला!"

"काही दिवस होताच उघडा," मंगली म्हणाली.

पलीकडं जांभूळ होती, गर्द, खाली सावलीचा काळोख. तिथंही गुणाबाई वाकली. तिथंही वाळकी पानं! ती चकित होऊन वर बघू लागली. फांदी ओढून पाहिली, दुसरी पाहिली. एका फांदीला तांबूस कोवळी पालवी, तिच्याच मागं जून हिरवी पानं, आणि एखाद-दुसरं पिवळं, बोट लागताच गळणारं.

"मंगली, झडते तर हेबी! पण सगळं एका वक्ती नाई झडत वं. नवं आल्यावर जुनं सोडते."

मंगलीनंही फांदी हातात घेतली. "खरंच का," ती म्हणाली, "मीबी कधी अशी नाई पाह्यली." मग दोघी नाल्याच्या काठानं फांदी न् फांदी चाळत बसल्या. भाकरी खायची राहूनच गेली.

एक अडचण होती. जांभूळ वाढली की घर गिळेल, आणि सांदवाडी लहान. त्यावर मंगलीनं तिला पाड्याजवळ नेलं. तिथं वाटेवरची एक जांभूळ लोकांनी लाकडांसाठी वरचेवर तोडलेली होती. ती उंच जायची सोडून बुडापासून फुटली होती, जमिनीपर्यंत पानंच पानं. गुणाबाईनं तिच्यातून पलीकडं बघायचा प्रयत्न केला. दिसेना. ती मागं जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "मी दिसतो का?"

"नाई!"

"मंग झालं!"

मृगाच्या सुमारास जांभळं पिकली. बी ताजंच पेरावं लागतं, वाळलं की मरतं, हे मंगलीनं सांगितलं होतं. सासू-सुना टोपलीभर जांभळं खात बसल्या. जिभा जांभळ्या झालेल्या पाहून अन्नपूर्णा खदखदून हसली आणि किती दिवसांनी मागचं दार उघडून, हातात बिया घेऊन, भर दुपारी सांदवाडीत उतरली. बकऱ्या तोंड लावत नाहीत म्हणून बाहेरच्या अंगाला अडुळशाच्या फांद्या खोचल्या. न्हाणीचं पाणी चर खणून ओळीत सोडलं.

झाडं काही एका वर्षात वाढत नाहीत. तोवर मुखरू ताटी बांधत राहिला आणि रोपांची थट्टाही करत राहिला. पण एका उन्हाळ्यात गुणाबाई माहेरी गेली तेव्हा रोपांना दोन्ही वेळा पाणी त्यानंच घातलं. पाचेक वर्षांत जांभळी टपाच्या वर गेल्या. दर पावसाळ्यात गुणाबाई शेंडे छाटायची आणि शेजारणींना जांभळाच्या ताज्या बिया नि अडुळशाच्या फांद्या द्यायची. सडकेकडं पाठ असलेल्या आणखी कितीतरी घरांनी मग असाच आडोसा केला.

एका दुपारी गुणाबाई मागं आली तर अन्नपूर्णा जांभळीत दोन्ही हात घालून, फांद्या बाजूला करून उकिडवी बसलेली.

"काय करून राह्यली वं?"

सून दचकली, मग ओशाळून म्हणाली, "आत्याबाई, मोटार पाहून राह्यलो. एका बाईनं बोकड टपावर चढवला, अन् आता तो खाली येईनाच!"

"कुठी?" गुणाबाई म्हणाली, आणि पदर सावरून तिच्या शेजारी बसली.