डायलिसिसवाल्यांनी पाहिलेलं स्थळ

दुसऱ्या वॉर्डांत पेशंट येतो, घरी जातो, आणि त्याचा किस्सा अर्धवट राहतो. आमच्या डायलिसिसला तसं नाही. परवा रुसून गेलेला माणूस आज परत त्याच खुर्चीत! त्यामुळे किस्से साचत जातात, आणि ते काढून टाकणारं मशीन अजून निघालेलं नाही.

पनवेलमधल्या एका लहानशा हॉस्पिटलात मी या युनिटची इनचार्ज सिस्टर. पस्तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. मला लग्न करायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण युनिटही सोडायचं नव्हतं. आमच्या सकाळच्या बॅचचंही तेच. सिस्टरचं लग्न व्हावं, पण सुई मात्र तिनेच टोचावी. येणारं प्रत्येक स्थळ यातलं एकच काहीतरी द्यायला तयार असायचं.

* * *

हिराबाई करंजाच्या. आयुष्य बंदरावर मासळीच्या लिलावात गेलेलं, आवाज अजून तसाच. आमच्याकडे आल्या आल्या वजन करतात. मूळ वजनापेक्षा जेवढं वाढलं तेवढं अंगात साठलेलं पाणी, आणि तेवढंच मशीन काढतं. म्हणून पाणी, चहा, सगळं मोजून प्यायचं.

पहिल्या दिवशी हिराबाई अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं घालून आल्या. चारचौघांत जायचं म्हणजे तसंच जायचं. मूळ वजन सोन्यासकट धरलं गेलं. पुढे वजन अगदी आटोक्यात, पण बाईंचे पाय सुजलेले. डॉक्टर चक्रावले. शेवटी माझ्या लक्षात आलं, गळा मोकळा दिसतोय.

"आजी, सोनं कुठंय?"

"घरी ठेवलाय. तेवढ्या वजनाचा मी चाय पिते," त्या शांतपणे म्हणाल्या.

* * *

कोन गावचे मोहिते घरी बायकोशी भांडण सुरू झालं की चपला घालून बाहेर सटकतात. इथे ते दोन नळ्यांनी मशीनला बांधलेले. त्यामुळे रजनीवहिनी सगळी भांडणं राखून ठेवतात आणि नळ्या लागल्या की सुरू होतात.

याच वहिनी स्वतःची किडनी द्यायला तयार झाल्या. मोहित्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, "हिची किडनी घेतली तर मरेपर्यंत ऐकवेल."

"नाही घेतली तरी ऐकवणारच आहे," वहिनी म्हणाल्या. "घेतलीत तर जरा जास्त दिवस ऐकाल, एवढंच."

मोहिते तपासण्यांना तयार झाले.

* * *

मध्यंतरी मॅनेजमेंटला वाटलं, पेशंटच्या मनाचंही काहीतरी बघावं. एक काउन्सेलर मॅडम आल्या. गोड आवाज, हातात स्पीकर. "सगळ्यांनी डोळे मिटा. रिलॅक्स व्हा. ऐका." आणि त्यांनी खळखळणाऱ्या ओढ्याचा आवाज लावला.

ज्यांना रोजचं पाणी पेल्याने मोजून मिळतं, अशी माणसं खुर्च्यांत पडलेली. मोहिते तर ओठ चाटायला लागले.

डॅनियलकाका आमच्याकडचे सगळ्यात सभ्य पेशंट. बँकेतून रिटायर झालेले, इथले ज्यू, भावंडं केव्हाच इस्राएलला गेलेली, हे पनवेल सोडायला तयार नाहीत. त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे वाळवंटाचा आवाज आहे का?"

* * *

एका स्थळाच्या आईचा फोन आला तेव्हा माझ्या हातात ग्लोव्हज होते. वहिनींनी स्पीकर लावला, म्हणजे सगळ्या युनिटला ऐकू जायची सोय झाली. पलीकडून त्या म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे हो, पण लग्नानंतर हे रक्ताबिक्ताचं काम आमच्याकडे चालणार नाही."

डॅनियलकाका खुर्चीतूनच म्हणाले, "बाई, रक्त आमचं आहे. आम्हाला चालतं."

फोन कट. सगळे हसले, मीही हसले. मग स्टोअररूममध्ये जाऊन रडले. कारण वय काही थांबत नाही, आणि ते स्थळ मला आवडलं होतं. बाहेर आले तर सगळी बॅच डोळे मिटून झोपल्याचं सोंग करत होती. मोहिते तर घोरत होते, आणि ते घोरणं फारच वाईट जमलं होतं.

* * *

त्यानंतर कळंबोलीचं स्थळ आलं. महेश, लोखंड बाजारात नोकरी. स्टाफ कमी, मला सुट्टी मिळेना, दोनदा बघायचा कार्यक्रम पुढे ढकलला. मग हिराबाईच म्हणाल्या, "त्यालाच बोलव इकडं. आमी पन बघतो."

आला बिचारा, इस्त्रीचा शर्ट घालून. वहिनींनी त्याला नातेवाइकांच्या स्टुलावर बसवलं आणि हातात बिस्किटाचा पुडा दिला. मी हिराबाईंना सुई लावायला घेतली, तेवढ्यात त्यांनी चौकशी सुरू केली.

"मासली खातोस ना?"

"खातो."

"साफ करता येते?"

"येते."

"बरा हाय," त्यांनी डॅनियलकाकांना सांगितलं.

काका महेशला म्हणाले, "आता तुम्हाला काही विचारायचं असेल तर मुलीला विचारा."

मला ठाऊक होतं काय विचारणार. नोकरी सोडणार का? महेश माझ्या हाताकडे बघत होता. त्याने विचारलं, पण मला नाही.

"आजी, या सुट्टीवर गेल्या की तुम्हाला सुई कोण टोचतं?"

"कोन नाय," हिराबाई म्हणाल्या. "ही सुट्टीच घेत नाय. तीच तर बोंब हाय."

"युनिट कधीच बंद नसतं?"

"फक्त रविवारी," काका म्हणाले.

महेशने थोडा विचार केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मग रविवारचाच मुहूर्त बघू या. लग्नाला हे सगळे येऊ शकतील, आणि सोमवारी तुम्ही परत इथे."

मी हिराबाईंच्या हातात सुई टोचली, पण बघत राहिले महेशकडे. मी म्हटलं, "मी अजून हो म्हणाले नाहीये."

"तू गप गो, सुई माज्या हातात हाय," हिराबाई म्हणाल्या. "रविवारी लगीन म्हंजे शनिवारी हलद. शनिवारी मी इथं हायेच. त्या दिशी माजं पानी जरा जास्तच काढ, राती हलदीला मी चाय मोजनार नाय."